तुऱ्यावरचा डाग भरतो आणि पुन्हा उठतो: कॅमेलिऑन दिव्याखाली वारंवार का भाजतो

डिसेंबर लागला की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. पाळलेला हिरवा कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), डोक्यावरचा उभा तुरा, आणि तुऱ्याच्या टोकाला नखाएवढा काळपट डाग. खाली प्रश्न ठरलेला: "हे फंगस आहे का?" बहुतेक वेळा फंगस नसतं, ऊब द्यायला पिंजऱ्यावर लावलेल्या दिव्याने भाजलेलं असतं. मलम लावून ते भरतं, घरचे निर्धास्त होतात आणि महिन्याभरात त्याच जागी पुन्हा उठतं.

माझ्या राघूला हे तीनदा झालं. राघू म्हणजे माझा व्हेल्ड जातीचा कॅमेलिऑन, नर, आता चौथ्या वर्षात आहे. सोलापुरात विजापूर रोडला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. व्होल्टेज, वॅट, उष्णता हे माझं रोजचं काम. तरीही दोन वेळा मी नुसती जखम बरी केली आणि दिवा होता तिथेच ठेवला. तिसऱ्या वेळी मापं घ्यायला बसलो तेव्हा कारण सापडलं, आणि त्यानंतर आजवर त्याला भाजलेलं नाही. जे केलं ते सगळं खाली लिहितो.

त्याआधी एक महत्त्वाचं. आपल्याकडच्या कोरड्या रानात, बाभळी-बोरींवर दिसणारा देशी कॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनविभागाला १९२६ वर कळवा, घरी उपचार करत बसू नका. यमनचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर असे परदेशी कॅमेलिऑन सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्यांची राहिली आहे त्यांनी ती करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना मनात धाकधूक राहत नाही.

भाजलंय हे ओळखायचं कसं

अडचण अशी की भाजलं त्या दिवशी जवळजवळ काही दिसत नाही. प्राणी हलत नाही, ओरडत नाही, खातोही नेहमीसारखा. तुऱ्याची कड किंवा पाठीच्या कण्यावरचे दोन-चार काटे जरासे फिके, पांढुरके वाटतात, एवढंच. दोन-तीन दिवसांत तिथे राखाडी किंवा तपकिरी छटा येते, कधी बारीक फोड येतो, पाणी सुटतं. आठवड्याच्या आत काळी, कोरडी, कडक खपली धरते. आपलं लक्ष जातं ते इथे. म्हणजे आज डाग दिसला तर चूक आजची नाही, चार-पाच दिवसांपूर्वीची आहे. त्या दिवसांत काय बदललं होतं ते आठवा: नवा दिवा आणला, फांदी हलवली, थंडी वाढली.

सगळ्यात भरवशाची खूण रंगाची. राघू झोपेत फिका पोपटी असतो. सकाळी दिवा लागला की ऊब ओढून घ्यायला अंग गडद करतो, दिव्याकडची बाजू तर जवळजवळ शेवाळी होते. पुरेसं ऊन मिळालं की पट्टे उजळतात आणि तो खाली सावलीत उतरतो. भाजलेली जागा या सगळ्यात सामील होत नाही. बाकी अंग तीनदा रंग बदलेल, तो तुकडा आहे तसाच राहील. म्हणून सकाळी सात, दहा आणि संध्याकाळी सहा असे एकाच कोनातून तीन फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. मेलेली कातडी लगेच वेगळी दिसते.

दुसरी खूण जागेची. दिव्याचं भाजणं नेहमी वरून येतं: तुरा, कपाळाची कड, पाठीचा कणा, कधी एका बाजूची वरची बरगडी. डाग पोटावर, तळपायावर किंवा हनुवटीखाली असेल तर दुसरं कारण शोधा. हनुवटीखाली किंवा जबड्याशी टणक गाठ असेल तर बहुधा आत पू साठलाय. या प्राण्यांचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो, आणि तो डॉक्टरांनीच काढायचा. कात असेल तर ती कागदासारखी पांढरी होऊन अंगभर सुटते आणि खाली ताजा रंग दिसतो. डोळे सुजून दिवसाही मिटलेले असतील आणि नुकतीच यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) बदलली असेल तर त्या ट्यूबचं अंतर तपासा. तो वेगळा विषय आहे, पण तोही तितकाच निकडीचा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "दुखत असतं तर तो बाजूला झाला असता ना?" असं मला दर वेळी विचारतात. तो थांबतो ते अंग आतून पुरेसं गरम होईपर्यंत. तुरा म्हणजे पातळ पातं. पोट अजून गार असतं तेव्हाच तुऱ्याची कड तापून गेलेली असते. तो आतल्या ऊबेची वाट बघत बसतो, आणि वरची कड शिजत राहते.

पहिल्या तासात आणि पहिल्या आठवड्यात

ताजं भाजलेलं हाताशी सापडलं, समजा दिव्याला चिकटलेलाच दिसला, तर आधी दिवा बंद करा. मग साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्याची बारीक धार किंवा ओला कापूस त्या जागी काही मिनिटं धरा. बर्फ नको, माठातलं गार पाणीही नको. हात वरून नेऊ नका. वरून झेपावणारी गोष्ट म्हणजे त्याच्या लेखी घार. बाजूने, खालून, सावकाश न्या.

जुना डाग असेल तर स्वच्छतेपासून सुरुवात करा. मेडिकलमध्ये मिळणारं १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन घ्या आणि त्यात उकळून गार केलेलं पाणी इतकं घाला की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा होईल. इअरबडने हलकेच पुसा, वाळू द्या. त्यावर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम अगदी पातळ. राघूच्या डॉक्टरांनी मला दिवसातून एकदा सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच लावा, आणि ट्यूबवरचे घटक वाचा. लिडोकेन किंवा बेंझोकेनसारखं सुन्न करणारं औषध असलेलं मलम या प्राण्यांना घातक ठरू शकतं. डोळ्यात आणि तोंडात काहीही जाता कामा नये.

हळद-तूप, खोबरेल, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही लावू नका. आजीच्या हळदीवर माझाही विश्वास आहे, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि तूप-तेल खाली उष्णता आणि घाण दोन्ही धरून ठेवतं. माणसांची दुखण्याची गोळी, पॅरासिटामॉल असो की डायक्लोफेनॅक, अंदाजाने कधीच देऊ नका. यांना दुखण्याचं औषध लागतं, पण ते वजनावर मोजून पशुवैद्यानेच द्यायचं. पट्टी बांधू नका, आणि खपली ओढू नका. खपलीखाली नवी कातडी हळूहळू तयार होते, आणि तिला आठवडे नाही, महिने लागतात. राघूची दुसऱ्या वेळची खपली तिसऱ्या कातीबरोबर आपोआप गळली.

या दिवसांत पाणी जास्त द्या. आपली थंडी कोरडी, त्यात भाजलेल्या जागेतून पाणी जात असतं. सकाळ-संध्याकाळ फवारा वाढवा, थेंब थेंब गळणारी बाटली पानांवर ठेवा. विष्ठेबरोबर येणारा भाग पांढरा असेल तर ठीक, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

आता, वाट न बघता डॉक्टर गाठायचे ते केव्हा. फोड आला असेल, जागा ओली राहत असेल, वास येत असेल, काळेपणा रोज थोडा पसरत असेल, डोळा, तोंड, पाय किंवा शेपटी भाजली असेल, दोन-तीन दिवस खाल्लं नसेल, दिवसा डोळे मिटून बसत असेल. यांतलं एक जरी असलं तरी घरगुती उपचार थांबवा. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचे. सरपटणारे प्राणी रोज बघणारे डॉक्टर मिळायला पुणं गाठावं लागतं, अडीचशे किलोमीटर. म्हणून आधी फोटो पाठवून फोनवर बोला. त्यांनी सांगितलं तर आपल्या गावातले पशुवैद्य त्यांच्याशी बोलून इंजेक्शन देऊ शकतात, माझं एकदा तसंच झालं. न्यायचाच झाला तर पहाटे निघा. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात एक फांदी घट्ट बांधा, वर ओलं फडकं टाका, एसीचा झोत थेट नको.

पुन्हा का होतं

पहिल्या वेळी मी ७५ वॅटचा दिवा काढून ६० चा लावला आणि काम झालं असं समजलो. तीन महिन्यांनी पुन्हा डाग. दुसऱ्या वेळी फांदी खाली घेतली, पुन्हा डाग. तिसऱ्या वेळी दुकानातला मल्टिमीटर, प्रोबवाला (वायरच्या टोकाला तापमान घेणारी कांडी असलेला) थर्मामीटर आणि फूटपट्टी घेऊन एक अख्खा रविवार पिंजऱ्यासमोर बसलो.

पहिली चूक मापायच्या जागेची निघाली. प्रोब मी फांदीला बांधला होता. फांदीवर ३१ अंश, म्हणजे व्हेल्डच्या नराला अगदी योग्य. पण राघू फांदीवर बसला की त्याचा तुरा फांदीपासून ९ सेंटिमीटर वर येतो. तिथे काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. उघड्या दिव्याचं अंतर अर्धं केलं की उष्णता चौपटीच्या आसपास जाते. १५ सेंटिमीटरवर असलेला तुरा वाढून ११ वर आला तर उष्णता पावणेदोन पटीहून जास्त होते. दीड वर्षांपूर्वी लावलेला दिवा तेव्हा बरोबरच होता, पण मधल्या काळात प्राणी वाढला. व्हेल्डच्या नराचा तुरा पाच सेंटिमीटर आणि त्याहून उंच होतो. वाढत्या मुलाच्या चपला बदलाव्यात तसं दिव्याचं अंतर दर दोन महिन्यांनी बदलावं लागतं.

मग मी बाजारातून दोडका आणला. हाताच्या लांबीचा, कोवळा, उभ्या शिरांचा. आत पाणी भरपूर, बाहेर उंच धारदार शिरा: कॅमेलिऑनच्या अंगाला याहून जवळचं काही भाजीत मिळणार नाही. राघूला बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत बसवून बायकोला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि त्याच्या जागी दोडका फांदीला सुतळीने बांधला, असा की वरची शीर बरोबर तुऱ्याच्या उंचीला येईल. एक प्रोब शिरेच्या कडेला टेकवला, दुसरा गरात खुपसला. वीस मिनिटांनी गरात २९ अंश, शिरेवर ४७. शिरेची कड सुकून सुरकुतली होती आणि तिला भाजीचा वास सुटला होता. ती सुरकुतलेली कड बघून मला खरंच रडू आलं. इतके दिवस तो तिथे बसत होता.

माणसाच्या कातडीचा हिशोब असा आहे: ४४ अंशांना भाजायला काही तास लागतात, ५० ला काही मिनिटं, ६० ला काही सेकंद. ४७ अंशांच्या उष्णतेत रोज तासभर बसणाऱ्या पातळ तुऱ्याचं काय होत असेल, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं कारण मला अशोक चौकातल्या एका मुलामुळे कळलं. घरात यंत्रमाग, शिक्षण चालू, आणि जिवापाड जपलेला एक पँथर. त्याने अंतर वाढवलं होतं, प्रोब तुऱ्याच्या उंचीला बांधला होता, दुपारी वाचन ३० यायचं. तरी त्याचा फोन आला: "काका, परत काळं पडलालंय की ओ." मी म्हटलं, वाचन दुपारचं नको, सकाळी सातचं घे. सातला त्याहून जास्त. खोली गार, दिवा तोच, अंतर तेच, आणि सकाळी उलट जास्त? मी मल्टिमीटर घेऊन गेलो. आजूबाजूचे माग चालू झाल्यावर सॉकेटला २२६ व्होल्ट मिळत होते, आणि माग सुरू व्हायच्या आधी २५२. फिलामेंटच्या दिव्याला २३० ऐवजी २५० व्होल्ट मिळाले की तो साधारण १३-१४ टक्के जास्त वॅट ओढतो. २२६ ते २५२ हा फरक तर त्याहून मोठा. त्यात कॅमेलिऑन सकाळीच सगळ्यात गार आणि सगळ्यात गडद असतो, आणि सगळ्यात जास्त वेळ दिव्याखाली बसतो. तीन गोष्टी एकाच तासात एकत्र येत होत्या. पुढे त्याने प्रोबवर चालणारा डिमिंग थर्मोस्टॅट बसवला. तो व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तापमान धरून ठेवतो. थर्मोस्टॅट परवडत नसेल तर दिव्यासाठीचा चांगला डिमर लावा आणि सकाळच्या वाचनावरच तो ठरवा. पंख्याचा जुना रेग्युलेटर या कामाला वापरू नका.

तिसरं कारण छताची जाळी. दिवा जाळीवर ठेवलेला असतो आणि कॅमेलिऑन जाळीला उलटा लटकतो. मग फांदीच्या अंतराला काही अर्थच उरत नाही. दिवा जाळीपासून वर उचलून टांगा, आणि वायरवर नको, साखळीवर. वायर तापून सैल होते आणि दिवा दोन बोटं खाली सरकतो. होल्डर चिनीमातीचाच घ्या. दिवा पिंजऱ्याच्या आत तर कधीच नको.

आणि कोंबडीच्या पिलांसाठीचा तो लाल दिवा. पोल्ट्रीच्या दुकानात सहज मिळतो, १५० किंवा २५० वॅटचा, आणि "प्राण्यांसाठीचाच आहे" म्हणून देतात. तो पिलांच्या मोठ्या घोळक्यासाठी दीड-दोन फूट उंचीवरून लावायचा असतो. दोन फूट उंच पिंजऱ्यावर तो लावू नका, हात जोडून सांगतो. मी बघितलेली सगळ्यात वाईट जखम त्या दिव्याची होती, हाड दिसत होतं.

अरुंद झोताच्या स्पॉट दिव्याचंही असंच. रुपयाएवढ्या जागेत सगळी उष्णता पडते, तुरा तापतो आणि पोट गारच राहतं, म्हणून तो अजून बसतो. उजेडाचं वर्तुळ शेपटी सोडून उरलेल्या अंगापेक्षा मोठं हवं. मी आता एका ६० वॅटऐवजी ४० चे दोन दिवे शेजारी शेजारी, जास्त उंचीवर लावतो. अंग सगळीकडून सारखं तापतं आणि राघू तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो. तो किती वेळ बसतो हे लिहून ठेवत जा. तासाच्या वर जात असेल तर ऊब कुठेतरी चुकीच्या जागी पडतेय किंवा खोलीच फार गार आहे. खोली गार असेल तर खोली ऊबदार करा, खिडकी बंद करा, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना पुठ्ठा लावा. दिवा जवळ आणणं हा त्यावरचा उपाय नाही.

आकडे हवे असतील तर: तुऱ्याच्या उंचीला व्हेल्डच्या मोठ्या नरासाठी २९ ते ३२, मादी आणि पिलांसाठी २७ च्या आसपास, पँथरला २९-३०. रात्री खोली १६-१८ पर्यंत उतरली तरी निरोगी मोठ्या प्राण्याला चालते, रात्री दिवा नको. तापमान मोजायची लेझरची बंदूक पृष्ठभागाचं तापमान सांगते, म्हणून ती फांदीवर मारून निर्धास्त होऊ नका. हाताची परीक्षा साधी आहे: हाताची पालथी बाजू तुऱ्याच्या उंचीला पाच मिनिटं धरा. हात काढावासा वाटला तर दिवा फार जवळ आहे.

आपल्याकडे वर्षभर एकच मांडणी चालत नाही, हेही लक्षात ठेवा. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, पहाट १५ च्या खाली जाते. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत दुपार ३५ ओलांडते, आणि एप्रिल-मेमध्ये ४२-४३. मी होळीनंतर उष्णतेचा दिवा काढून ठेवतो, फक्त यूव्हीबी ट्यूब चालू राहते, आणि उन्हाळ्यात खोली गार ठेवण्याचीच धडपड असते. दिवाळीनंतर दिवा पुन्हा लावायच्या आधी नवा दोडका आणतो, अंतर नव्याने मोजतो आणि तारीख टेपवर लिहून होल्डरला चिकटवतो.

कोणाला विचारायचं असेल तर नुसता जखमेचा फोटो पाठवू नका. दिव्याचा प्रकार आणि वॅट, दिव्यापासून तुऱ्यापर्यंतचं अंतर, सकाळी सातचं तुऱ्याच्या उंचीचं वाचन, सॉकेटचं व्होल्टेज आणि तो किती मिनिटं बसतो, हे पाच आकडे द्या. सोबत पिंजऱ्याचा बाजूने काढलेला एक फोटो, ज्यात दिवा आणि प्राणी दोन्ही दिसतात. राघूच्या तुऱ्याच्या टोकाला आजही एक खाच आहे. गेलेली कड परत येत नाही. दर कातीला त्या खाचेत जुन्या कातडीची बारीक चिंधी अडकते, आणि मी दोन दिवस जास्तीचा फवारा मारून ती सुटू देतो.